घासूकाकांचा सात नंबर

“घासलंय मी. खोट असेल तर पुढे शोधा.”

प्रयोगशाळेत एखादा आकडा तिरका आला, पडद्यावरची रेघ वाकडी गेली, की घासूकाका मान वर न करता एवढंच बोलत. आवाज चढवत नसत. एखाद्याने आपला पत्ता सांगावा तसं सांगत. आणि गेल्या बावीस वर्षांत पुढे शोधणाऱ्यांना खोट पुढेच सापडत आली होती. कधी द्रावण शिळं निघे, कधी वायर सैल निघे, कधी सगळं ठाकठीक असून विद्यार्थ्याचंच चित्त थाऱ्यावर नसे. त्यामुळे काकांचा तोरा असा वाढला होता की ते जिन्यात दिसले की ग्रंथपाल म्हणत, “सरका, सरका, आपल्या अंगाची चकाकी त्यांच्यापुढे फिकी पडायची.”

काकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बिचारं तिथेच पडून होतं. ते काम करीत ते घासण्याचं, म्हणून घासूकाका. घासायचं काय, तर बोटभर लांबीची एक पांढरी कांडी. तिच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा काळा ठिपका. सगळे तिला इलेक्ट्रोड म्हणत, काका कांडी म्हणत. एवढ्याशा ठिपक्यासाठी पगारी माणूस ठेवलाय हे कळलं की नवख्याला हसू येई. मग तो एकदा काकांना घासताना बघे आणि हसू आवरतं घेई.

काका आधी हात धूत. खिडकीजवळच्या टेबलावर मऊ कापडाची चकती ठेवत, तिच्यावर पांढऱ्या भुकटीची चिमूट टाकत, दोन थेंब पाणी सोडत. मग कांडी अगदी ताठ धरून, ठिपका कापडावर टेकवून, इंग्रजी आठाचा आकडा गिरवत राहत. जाड भुकटीवर तीनशे वेळा, मधल्या भुकटीवर तीनशे, बारीक भुकटीवर पाचशे. मनगट हलत नसे, खांद्यापासून हात फिरे, एखादी म्हातारी गाय गवतातून मान फिरवते तसा, सावकाश आणि न चुकता. ओठ हलत असत. मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नसत, आणि हाक मारणाऱ्याने खांद्याला हात लावलाच तर पुन्हा एकपासून सुरुवात करून त्याचा सूड घेत.

हे कसब त्यांनी कुठल्या वर्गात बसून घेतलेलं नव्हतं. तरुणपणी अकरा वर्षं ते एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासत होते. यंत्रावर कापलेली भिंगं आली, दुकान बंद पडलं, आणि काका या संस्थेत फायली पोचवायला लागले. एक दिवस फाईल घेऊन प्रयोगशाळेत आले तर एक विद्यार्थी करपलेलं पातेलं खरवडावं तशी कांडी खरवडत होता. काकांना ते बघवलं नाही. फाईल स्टुलावर ठेवून ते म्हणाले, “अरे, तिने काय घोडं मारलंय तुझं? इकडे आण.” त्यांनी घासून दिलेली कांडी यंत्राला जोडली तेव्हा पडद्यावर दोन टेकड्या उमटल्या, सारख्या उंचीच्या, एकमेकींना खेटून उभ्या. कांडी स्वच्छ असल्याची ती खूण. प्रमुख मॅडमनी त्या टेकड्या बघितल्या, मग काकांकडे बघितलं. ती फाईल मात्र त्या दिवशी कुणाकडेच पोचली नाही.

आता बावीस वर्षांनी प्रयोगशाळेत कामाला जोर आला होता. कॅन्सर अगदी कोवळा असताना रक्ताच्या एका थेंबावरून ओळखायचा, तोही टेबलावर मावणाऱ्या स्वस्त यंत्राने, अशी मॅडमची खटपट होती. पुरुषांच्या ओटीपोटात आक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. वय झालं की ती कधी नुसतीच फुगते, कधी तिच्यात कॅन्सर घर करतो. तिथे काही बिनसलं की एक प्रथिन रक्तात वाढतं. ते पकडायचं. हे काम मॅडमच्या हाताखाली एक संशोधक मुलगी करीत होती. तिचा चष्मा तिच्या चेहऱ्याहून मोठा होता, म्हणून तिला चष्मेवाली म्हणत. काका त्या चष्म्याकडे बघून पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “डाव्या भिंगाला ओरखडा आहे. कुणी घासलंय हे?” तेव्हापासून दोघांची गट्टी होती.

पाहुणे आले की यंत्र कसं चालतं ते चष्मेवालीने सांगायचं असे, पण तिच्याआधी काका सांगून मोकळे होत.

“हे बघा, हा माझा ठिपका. आरशासारखा. त्यावर आमची ही पोरगी सोनं शिंपडते. सोनं म्हणजे किती बारीक, तर बाटलीत ते पिवळं दिसतच नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. सोन्यावर आकडे बसवते. गळाला असतात तसे, पण डोळ्यांना न दिसणारे. ते एकाच माशाला ओळखतात, दुसऱ्याला तोंड लावत नाहीत. वर रक्ताचं पाणी सोडायचं. मासा असला की आकड्यांना अडकतो, वाट अडवतो, वीज कमी जाते आणि पडद्यावरची टेकडी खाली बसते. टेकडी बसली की समजायचं, माणसाला डॉक्टरकडे धाडा.”

“आणि ठिपका नीट घासलेला नसला तर?” एखादा पाहुणा विचारी.

“तर सोनं नीट बसत नाही आणि टेकडी उगाचच खाली बसते. निरोगी माणसाला रोगी ठरवते.” काका थोडं थांबत. “पण ते इथे होत नाही.”

यंत्राची परीक्षा घ्यायची तर आजारी माणसांच्या रक्ताबरोबर धडधाकट माणसांचंही रक्त हवं. मॅडमनी संस्थेतल्याच पन्नाशी ओलांडलेल्या दहा पुरुषांना विनंती केली. ग्रंथपाल आले, चालक आला, माळी आला, हिशेबनीस आले. काकाही रांगेत उभे राहिले, तिसरे. पण ऐन वेळी म्हणाले, “आलोच हं, जरा नळ बघून येतो.”

हा नळ म्हणजे एक प्रकरणच होतं. दोन-एक वर्षांपासून काका दर तासाला नळ बघायला जात. कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहातला नळ गळतो आणि पाणी वाया गेलेलं आपल्याला खपत नाही, असं ते सांगत. संस्थेने एकदा नळ बदलला. काका नवा नळही तितक्याच वेळा बघायला जाऊ लागले. त्या दिवशीही ते नळ बघून परत आले तोवर चार माणसं पुढे सरकली होती, आणि काकांचा नंबर सातवा लागला. बाटलीवर फक्त आकडा चिकटवला गेला. कुठला आकडा कोणाचा ती यादी मॅडमनी पाकिटात घालून कपाटात कुलूपबंद केली. नियमच होता तसा. ज्याला त्याला मात्र आपापला आकडा ठाऊक होता.

तीन आठवड्यांनी एका दुपारी चष्मेवाली पडद्यासमोर बसून नाक खाजवीत होती. ती अडली की नाक खाजवी.

“काका, आज कांडी घाईत घासली का हो?”

“घासलंय मी,” काका चकतीवरून नजर न काढता म्हणाले. “खोट असेल तर पुढे शोधा.”

“पुढे शोधून झालं. द्रावण नवं आहे, वायरी नव्या आहेत. नऊ माणसांच्या टेकड्या ऐटीत उभ्या आहेत. एकाचीच बसते. परवा बसली, काल बसली, आज बसली.”

“कुणाची?”

“सात नंबरची.”

काकांचा हात थांबला. कुणी खांद्याला हात लावला नव्हता, तरी थांबला. चष्मेवालीने ते पाहिलं नाही. ती आपल्याच तंद्रीत बोलत होती. “म्हणजे दोनच गोष्टी. एक तर सातच्या वेळी कांडी नीट घासलेली नव्हती. नाहीतर सात नंबरच्या माणसाला खरंच काहीतरी आहे. पण दहाचे दहा तर हट्टेकट्टे. हिशेबनीस काल दोन जिने पळत चढले, मी बघितलं.”

“त्यांच्यामागे माळी लागला होता,” काका सवयीने म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

संध्याकाळी मॅडम आल्या. महिनाअखेरीला अहवाल जायचा होता. त्यांनी वहीची पानं उलटली आणि म्हणाल्या, “तीन वेळा कांडी बिघडली असेल असं वाटत नाही मला. पण काकांचं वय होतंय, हात थकत असेल. तसं असेल तर सात नंबर गाळता येईल. काका, तुम्हीच सांगा. कांडी नीट घासली गेली नव्हती असं तुम्हाला वाटत असेल, तर इथे कारण लिहून सही करा. नसेल वाटत, तर मला यादी काढून त्या माणसाला सांगावं लागेल.”

वही काकांपुढे आली. पेनही आलं. चष्मेवाली खाली बघू लागली. आता काका मॅडमनाही ऐकवणार, याची तिला खात्री होती.

काका म्हणाले, “उद्या सांगतो,” आणि नळ बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले. घर संस्थेच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं, खिडकीत कुंड्या. काकूंनी ताट वाढलं. काका घास हातात धरून बसले.

“एका माणसाची गोष्ट सांगतो,” ते म्हणाले.

“सांगा.”

“त्याच्या कामात चूक निघाली.”

“बरं.”

“म्हणजे चूक आहे असं त्याने कबूल केलं, तर त्याची तब्येत चांगली ठरते. आणि चूक नाही म्हटलं, तर तब्येत बिघडलेली ठरते.”

काकू पदराला हात पुसत समोर बसल्या. “हा माणूस दर तासाला नळ बघायला जातो का?”

काकांनी घास ताटात ठेवला.

“अहो, बावीस वर्षं जगाच्या कांड्या घासताय, घरातला चमचा कधी घासला नाहीत. मी काही म्हटलं? नाही म्हटलं. पण मला आंधळी समजू नका. तुम्ही रात्रीतून चारदा उठता, आणि सकाळी मला विचारता, झोप लागली का गं. मी हो म्हणते. आता विचारते ते सरळ सांगा. तुम्ही घासलेली कांडी खराब निघाली, असं आजवर कधी झालंय?”

“नाही.”

“या वेळी झालं असेल?”

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतल्या कुंडीवर एक माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. भिंगं घासायला लागल्यापासून आजवर या माणसाला आपलं काम चुकलेलं असावं असं कधी वाटलं नव्हतं. काल संध्याकाळपासून मात्र त्यांना ते मनापासून वाटत होतं. आपला हात थरथरला असेल, मोजताना आकडा चुकला असेल, दोनशेवर थांबलो असू. एवढं जर खरं निघालं असतं, तर त्यांनी कुणालाही वाकून नमस्कार केला असता.

“ते बघावं लागेल,” ते म्हणाले.

“मग आधी जेवा, आणि जाऊन बघा.”

त्या दुपारी काकांनी सहा कांड्या घेतल्या. दार लावून घेतलं आणि बाहेर चिठ्ठी लावली, ‘हाक मारू नये.’ तीनशे, तीनशे, पाचशे. पुन्हा तीनशे, तीनशे, पाचशे. सहाही कांड्यांच्या टेकड्या पडद्यावर पाहून घेतल्या. जुळ्या बहिणींसारख्या उभ्या होत्या, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. ते पाहून काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं.

मग त्यांनी चष्मेवालीला बोलावलं. “पोरी, या सहांवर तुझं सोनं आणि आकडे चढव. तीन कांड्यांवर सात नंबर सोड, तीनवर बाकीच्यांतलं कुणीही. कुठे काय सोडलंस ते मला सांगू नकोस, यंत्रापाशी जो बसेल त्यालाही सांगू नकोस. मॅडमना बसव.”

“काका, एवढं कशाला? आम्ही काय तुमच्यावर…”

“तू सोड गं.”

सोनं आणि आकडे बसायला वेळ लागतो, त्यामुळे निकाल तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मॅडम यंत्रापाशी बसल्या. काका भिंतीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून. पहिली टेकडी उभी. दुसरी बसली. तिसरी उभी, चौथी उभी. पाचवी बसली. सहावी बसली. चष्मेवालीने आपला कागद उलगडला. दोन, पाच आणि सहा. तिन्ही सातच्याच.

मग चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “काका, माझं चुकलं. तुमची कांडी स्वच्छ होती.”

“आहेच,” काका म्हणाले.

“म्हणजे त्या माणसाला सांगावं लागणार.” मॅडम उठून कपाटाकडे गेल्या. किल्ली फिरवू लागल्या. कुलूप जुनं होतं, किल्ली फिरेना.

“राहू द्या मॅडम,” काका म्हणाले. “त्याला कळलंय.”

मॅडमचा हात किल्लीवरच राहिला. चष्मेवाली आधी काकांकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाच्या दाराकडे, मग पुन्हा काकांकडे. तिचं नाक लाल झालं.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग वही पुढे ठेवली तेव्हा का नाही बोललात?”

“तेव्हा खात्री नव्हती, मी नीट घासलंय याची,” काका म्हणाले. “रडतेस काय? तुझं यंत्र चालतं, हे कळलं की नाही? अहवालात लिही. दहा धडधाकट लिहू नकोस म्हणजे झालं. नऊच लिही.”

मॅडमनी स्वतः फोन करून रुग्णालयात वेळ घेतली. रक्तातलं ते प्रथिन वाढायला दुसरीही कारणं असू शकतात, नुसती ग्रंथी फुगली तरी ते वाढतं, असं त्यांनी काकांना तीनदा समजावलं. काका तिन्ही वेळा मान हलवून ऐकत राहिले. एरवी ते एकदाही ऐकत नसत, म्हणून मॅडमना जास्तच काळजी वाटली.

रुग्णालयात पुन्हा रक्त घेतलं. तिथलं यंत्र खोलीएवढं होतं, त्याचाही आकडा चढाच आला. मग ग्रंथीचं चित्र काढलं, मग सुईने मांसाचे कण काढून तपासले. त्या दिवशी काका घरी आले ते सावकाश चालत, आणि दोन दिवस कुणालाच काही शिकवलं नाही. काकू शेजारणीला म्हणाल्या, “इतकं शांत घर मी लग्नानंतर पहिल्यांदा बघतेय. मला नाही आवडलं.”

निकाल ऐकायला दोघं मिळून गेले. डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सरळ होतं. कॅन्सर आहे. लहान आहे. ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर कुठे पसरलेला नाही. शस्त्रक्रिया करून काढता येईल. मग त्यांनी कागद पुन्हा चाळले आणि विचारलं, “काका, तुम्ही आलात कसे पण एवढ्या लवकर? नळ वगैरे सांगत माणसं तीन-चार वर्षं काढतात, मग येतात.”

काकूंनी काकांकडे बघितलं. नळाचं डॉक्टरांना काकूंनीच आधी सांगून ठेवलं होतं, हे काकांना तेव्हा कळलं.

“ते असंय डॉक्टर,” काका खुर्चीत सरसावून बसले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जुना तोरा आला. “एक कांडी असते. तिच्या टोकाला ठिपका असतो…” बाहेर सहा रुग्ण खोळंबले होते. डॉक्टरांनी ठिपका ऐकला, भुकटी ऐकली, लाल सोनंही ऐकलं. आकड्यांपर्यंत पोचल्यावर काकूंनीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

शस्त्रक्रियेची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. ते दहाही दिवस काका कामावर आले. चष्मेवालीला घासायला शिकवायचं होतं. ती शिकलेली होती, हुशार होती, पण मनगट तिच्या ताब्यात राहत नव्हतं.

“मनगट कुणी हलवायला सांगितलं? खांदा हलव.”

“खांदाच हलवतेय.”

“हलवतेस, पण मनगटाला कळू न देता हलव. किती झाले?”

“दोनशे नव्वद.”

“तीनशे चौदा झालेत. मी मोजतोय.”

“मग तुम्हीच घासा ना काका.”

“मी नसताना?” काका म्हणाले. चष्मेवालीने पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेवटच्या दिवशी तिच्या कांडीच्या दोन टेकड्या बऱ्यापैकी जवळ आल्या. काकांनी पडद्याला नाक लावून अंतर बघितलं. “माझ्यापेक्षा दुप्पट आहे अंतर,” ते म्हणाले. “पण चालेल. महिनाभर चालेल. त्याच्यावर नाही.”

ज्या दिवशी रुग्णालयात भरती व्हायचं त्या दिवशी सकाळी दहाला काका आले ते नवी चप्पल घालून. काकू वर आल्या नाहीत, खाली पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. काकांनी आपलं टेबल पुसलं. भुकटीच्या तिन्ही बाटल्यांची झाकणं घट्ट केली. चकती धुऊन वाळत घातली. मॅडम म्हणाल्या, “बरे होऊन या,” त्यावर ते “बघू, यावं लागेलच, इथे कुणाला येतंय,” असं म्हणाले. चष्मेवालीला काही म्हणाले नाहीत. तिच्या चष्म्याचं डावं भिंग त्यांनी मागच्या आठवड्यातच मागून घेतलं होतं आणि घासून परत दिलं होतं.

ते जिना उतरले. पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला, मग थांबला. चष्मेवाली खिडकीशी गेली. खाली काकूंनी पिशवी उचलली होती आणि काका ती त्यांच्या हातातून घेऊ बघत होते. काकू सोडत नव्हत्या. काहीतरी बोलणं झालं, ते वर ऐकू आलं नाही. शेवटी दोघांनी पिशवीचा एकेक बंद धरला आणि ती मध्ये लोंबकळत ठेवून चालू लागले. सायकलींच्या रांगेपाशी काका थांबले, एका सायकलीची घंटी बोटाने पुसली, तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. काकूंनी बंद ओढला. ते पुन्हा चालू लागले.

चष्मेवालीच्या हातात ओली कांडी तशीच होती. मॅडम तिच्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही. फाटकाबाहेर रस्ता डावीकडे वळतो. तिथे आधी काकू दिसेनाशा झाल्या, मग पिशवी, आणि सर्वांत शेवटी काका, कारण ते सावकाश चालत होते.